गेम धाडकन बंद का पडतो?

मे महिना. शाळेला सुट्टी. दुपारचे तीन वाजलेत. बाहेर छत्रपती संभाजीनगरचं ऊन असं तापलंय, की सिडकोतल्या गल्लीत चिटपाखरूही नाही. घरात डेस्कटॉपवर तुझा गेम मात्र भलताच रंगात आलाय. शेवटचा राक्षस समोर उभा आहे. आता एकच फटका बाकी आणि...

धप्प! गेम गायब!

परत लावलास. थोडा वेळ चालला. परत धप्प!

राग आला ना? येणारच! पण कीबोर्डवर हात आपटू नकोस. इकडे ये, कानात सांगतो. तुझ्या टेबलावर आत्ताच एक रहस्यकथा सुरू झाली आहे आणि तिचा गुप्तहेर आहेस तू!

कारण गेम उगाच बंद पडत नाही. जाता जाता तो खुणा सोडून जातो. त्या वाचता आल्या की चोर सापडलाच म्हणून समज!

डब्याच्या आत लग्नघर!

टेबलाखालचा तो उभा डबा आहे ना, ज्याला घरात सगळे ‘सीपीयू’ म्हणतात? दुकानात त्याला कॅबिनेट म्हणतात. त्याच्या आत काय चाललेलं असतं, ओळख बघू!

आत चालू आहे लग्नघराचा स्वयंपाक! खरंच! अख्ख्या लेखात आपण याच स्वयंपाकघरात फिरणार आहोत.

मुख्य आचारी म्हणजे प्रोसेसर. सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. पोळ्या लाटायला बसलेली मंडळी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्यात हजारो छोटे कामकरी असतात आणि सगळे एकदम लाटतात. सामान भरून ठेवलेलं कोठीघर म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. आत्ता लागणारं सामान काढून ठेवायचा ओटा म्हणजे रॅम. गॅसचं सिलिंडर म्हणजे पॉवर सप्लाय. आणि धूर-वाफ बाहेर काढणारा पंखा म्हणजे... पंखाच!

या सगळ्यांवर नजर ठेवणारी, घरातली करारी आजी म्हणजे विंडोज.

आता पंगतीला किती वाढायचं असतं, माहीत आहे? साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार कर. २०,७३,६०० ठिपके! गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगवायचे. म्हणजे एका सेकंदात १२ कोटी ४४ लाखांहून जास्त ठिपके!

आणि आचाऱ्याचा वेग? ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला ४०० कोटी ठोके मारतो. एक ठोका किती छोटा असेल? जगात सगळ्यात वेगानं धावतो तो प्रकाश. पण या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा फक्त साडेसात सेंटीमीटर जातो! पट्टी घे आणि बघ साडेसात सेंटीमीटर म्हणजे किती ते. प्रकाश तेवढा सरकेपर्यंत आचाऱ्याचा पुढचा ठोका पडलेला असतो!

आता सांग, एवढ्या धावपळीत एखादी चूक होणारच की नाही?

आजीच गेमला बाहेर काढते!

आता एक गंमत ऐक. पुष्कळदा गेम आपण होऊन पडत नाही. विंडोजच त्याला बाहेर काढते!

का? ओट्यावर प्रत्येकाला आपापली जागा आखून दिलेली असते. गेमची जागा वेगळी, ब्राउझरची वेगळी, गाण्यांची वेगळी. समजा गेममध्ये काहीतरी बिघडलं आणि त्यानं आपली जागा सोडून भलतीकडेच हात घातला. आजी लगेच म्हणते, ‘चल, आधी बाहेर हो!’ आणि गेम बंद.

वाईट वाटलं? पण विचार कर. आजीनं तसं केलं नसतं, तर त्या एका चुकीपायी दुसऱ्यांचंही सामान नासलं असतं. ताईनं लिहायला घेतलेला प्रोजेक्टसुद्धा गेला असता!

म्हणजे गेमचं क्रॅश होणं हे कितीतरी वेळा बाकीच्या कॉम्प्युटरला वाचवण्यासाठी असतं. आहे ना भारी?

पहिली खूण: कसा पडला?

चल गुप्तहेरा, वही काढ! पानावर चार रकाने आख. तारीख आणि वेळ. खोली गरम होती की गार. गेममध्ये तेव्हा काय चाललं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेम कसा पडला?

नुसता गेम गायब झाला आणि बाकी सगळं ठीक? मग संशय आधी गेमच्या फाइलींवर किंवा गेममध्ये टाकलेल्या मॉडवर, म्हणजे बाहेरून घातलेल्या बदलांवर घ्यायचा.

चित्र अडकलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला? मग संशय ग्राफिक्स कार्डावर, किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. ड्रायव्हर म्हणजे आजीचा निरोप पोळ्यांच्या मंडळींपर्यंत नेणारा पोऱ्या. तो जुना झाला की निरोपात घोळ होतो. आणि गंमत म्हणजे आजीकडे घड्याळ असतं! ग्राफिक्स कार्डानं दोन सेकंद काहीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज त्याला गदागदा हलवून परत कामाला लावते. फक्त दोन सेकंद! पण तेवढ्यात ६०च्या वेगानं १२० चित्रं हुकलेली असतात.

निळा पडदा आला? मग मामला खोलवरचा. रॅम, ड्रायव्हर, प्रोसेसर, संशयित बरेच. पडद्यावर इंग्रजीत एक नाव किंवा कोड दिसतो. त्याचा फोटो काढून ठेव.

आणि अख्खा कॉम्प्युटरच फट्‌कन बंद झाला? मग बघायच्या दोन गोष्टी. वीज आणि उष्णता!

वहीत लिहायचं राहून गेलं तरी हरकत नाही. आजीची स्वतःची वही असतेच! स्टार्टमध्ये जाऊन इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ असं टाइप कर. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघड. तारखांचा तक्ता दिसेल. ज्या दिवशी काही बिघडलं, तिथे लाल फुली! त्या फुलीवर टिचकी मार, की काय पडलं आणि किती वाजता, ते कळतं. आजी काही विसरत नाही!

चोर नंबर एक: आपलं ऊन

आपल्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आपल्याला कूलर लागतो, माठातलं पाणी लागतं. आणि आचाऱ्याला?

नखाएवढ्या चिपमध्ये शेकडो कोटी चिमुकली बटणं असतात. ती सारखी चालू-बंद होतात आणि तापतात. किती तापतात? बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत तग धरतात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे तुझ्या टेबलाखालची चिप चहाच्या आधणाइतकी तापू शकते!

त्याच्या पुढे मात्र आचारी काय करतो? आधी हात हळू चालवतो. तेव्हाच तुझा गेम अडखळायला लागतो. तरीही गारवा मिळाला नाही, तर तो शेगडीच बंद करून टाकतो. कॉम्प्युटर फट्‌कन बंद! जळून जाण्यापेक्षा थांबलेलं बरं, नाही का?

आता एक सोपं गणित. खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच चिपचंही वाढतं. समज, डिसेंबरात खोली २२ अंश आणि चिप ७२ अंश आहे. मे महिन्यात खोली ३८ अंश झाली. म्हणजे १६ अंश जास्त. मग चिप किती? ७२ अधिक १६, ८८! गेम तोच, कॉम्प्युटर तोच, फक्त महिना बदलला आणि चिप धोक्याच्या रेषेजवळ जाऊन बसली!

तरी ८८ म्हणजे अजून ठीक. पण त्यात चोराचा जोडीदार आला तर?

जोडीदार कोण? धूळ!

प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो. त्याला हीट सिंक म्हणतात. चिपची उष्णता त्या पट्ट्यांत चढते आणि पंखा ती हवेत उडवून लावतो. पट्ट्यांमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटरची फट असते.

एकदा टॉर्च मारून त्या फटीत बघ. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेला करड्या धुळीची झालर दिसेल. पट्ट्यांच्या तोंडाशी तर चक्क नमदा बसलेला असतो! धूळ, कपड्यांचे धागे, केस, सगळं एकत्र. कूलर कॅबिनेटच्या तोंडावर लावला असेल, तर ओलसर हवेनं ती धूळ आणखी घट्ट चिकटते. म्हणून कूलरचा झोत आपल्याकडे असावा, कॅबिनेटकडे नको!

चिप आणि हीट सिंक यांच्या मध्ये तुपासारखी एक पेस्टही असते. ती कशाला? दोन्हींचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये बारीक बारीक फटी राहतात. त्या फटींत हवा असते. आणि हवा उष्णता पुढे न्यायला महाआळशी! तांबं स्थिर हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट जास्त उष्णता वाहून नेतं. पेस्ट ती आळशी हवा हुसकावून लावते. पण काही वर्षांनी ती सुकते आणि मग उष्णता वाटेतच अडते.

धूळ काढायची? मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच! कॉम्प्युटर बंद करायचा. प्लग भिंतीतून काढायचा. मग कॅबिनेट उघडून कोरड्या, मऊ ब्रशनं धूळ झाडायची. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, म्हणजे ते गरगर फिरत नाही. ओलं फडकं अजिबात नको! आणि पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहिलेली असते.

पाणचक्कीची युक्ती

गार ठेवण्यावरून आठवलं. तू आपल्या शहरातली पाणचक्की पाहिली आहेस ना? शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळांतून आणून तिथे उंचावरून पाडलं जातं. त्या जोरावर पूर्वी जातं फिरायचं आणि धान्य दळलं जायचं.

पण तिथली दुसरी युक्ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. समोरचा तो मोठा हौद आहे ना, त्याच्या खाली चक्क एक दालन आहे! हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं! वरच्या पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही दालन गार राहतं.

पाण्याला हे कसं जमतं? पाणी उष्णता पोटात घेण्यात पटाईत असतं. एक लिटर हवा एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता एक लिटर पाण्याला लागते! म्हणूनच काही डेस्कटॉपमध्ये आज चक्क पाण्यासारखा द्रव नळ्यांमधून फिरवतात. तो प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि पंख्यापाशी नेऊन सोडतो.

पाण्याचा हा गुण आपल्या शहरातल्या कारागिरांना शतकांपूर्वी ठाऊक होता!

चोर नंबर दोन: वीज

तुझा कॉम्प्युटर नेमका मोठ्या लढाईतच बंद पडतो का? वहीत बघ! स्फोट, धूर, शंभर सैनिक एकदम पडद्यावर आले की पोळ्यांची मंडळी जोरात लाटायला लागतात. एकदम मोठी आच हवी! सिलिंडर लहान असेल, तर ज्योत मिणमिणते आणि सगळंच बंद पडतं.

वीज गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवायला घरी बऱ्याचदा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असतो. ६०० आकडा मोठा वाटतो ना? पण त्यातून साधारण ३६० वॅटच वीज मिळते. तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर भर लढाईत त्याहून जास्त मागू शकतो. त्यातच वीज गेली, तर यूपीएस दमतो आणि टुंग!

चोर नंबर तीन: ओटा आणि कोठीघर

आता सगळ्यात अजब गोष्ट. तुझ्या रॅमला काहीही लक्षात राहत नाही!

म्हणजे राहतं, पण क्षणभरच. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर पाण्यानं लिहिल्यासारखं. लिहिलं की सुकायला लागतं! म्हणून ते सुकायच्या आत पुन्हा गिरवावं लागतं. किती वेळात? ६४ मिलिसेकंदांत! म्हणजे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा. आणि ८ जीबीच्या रॅममध्ये अशी अक्षरं किती? सुमारे ६,८७२ कोटी! तू हे वाक्य वाचेपर्यंत ती सगळी कितीतरी वेळा गिरवून झाली.

त्यातलं एखादं अक्षर पुसट झालं, तर? आचाऱ्यानं ‘मीठ’च्या जागी भलतंच वाचलं आणि गेम कोसळला! रॅमची पट्टी खाचेत ढिली बसली असेल किंवा खराब झाली असेल, तर असं होतं. यासाठी विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते. ती रॅममध्ये काहीतरी लिहिते, परत वाचते आणि ताडून बघते. परीक्षाच घेते म्हण ना!

कोठीघराचंही तसंच. डाउनलोड होताना मध्येच नेट गेलं किंवा वीज गेली, तर एखादा डबा अर्धाच भरतो. मग हजारो डब्यांतून तो एक शोधायचा कसा?

प्रत्येक डब्यावर, म्हणजे प्रत्येक फाइलवर, एक आकडा ठरलेला असतो. आतल्या एकूण एक अक्षरावर गणित करून तो काढतात. आत एक अक्षर जरी बदललं, तरी सगळा आकडाच बदलतो! स्टीमसारख्या गेमच्या दुकानात ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स’ असा पर्याय असतो. तो दाबला की प्रत्येक डब्याचा आकडा तपासला जातो आणि बिघडलेला डबाच तेवढा नव्यानं मागवला जातो. सगळा गेम पुन्हा उतरवायला नको!

एका वेळी एकच!

गुप्तहेराचा सगळ्यात मोठा नियम सांगू? एका वेळी एकच बदल!

समज, आमटी बेचव झाली. तू मीठ घातलंस, गूळ घातलास, चिंचही घातलीस. आमटी झकास झाली! पण कशामुळे? सांगता येईल? नाही ना! उद्या पुन्हा बिघडली, तर पुन्हा अंधारात चाचपडणं.

म्हणून आज फक्त फाइली तपास. मग खेळून बघ. वहीत लिही. नाही जमलं? उद्या फक्त ड्रायव्हर नवा कर. परवा मॉड काढून बघ. मग धूळ. मग सकाळच्या गारव्यात खेळून बघ. सकाळी तासभर छान चालतो आणि दुपारी लगेच पडतो? मग सगळा संशय उष्णतेवर! शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हेच करतात. बाकी सगळं जसंच्या तसं, बदल फक्त एक.

संदेशानेच जगाला चकवलं!

आता एक खरीखुरी गोष्ट. फार जुनी नाही, २०२४ सालची.

जगभर कित्येकांच्या डेस्कटॉपवर मोठमोठे गेम क्रॅश होत होते. पडद्यावर संदेश यायचा, ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली! म्हणजे पोळ्यांच्या मंडळींकडे जागाच उरली नाही. पण त्यांच्याकडे तर भरपूर मेमरी होती!

मग चोर कोण? ओळख!

चोर निघाला थेट मुख्य आचाऱ्याच्या घरात! गेमच्या फाइली कोठीघरात दाबून, छोट्या करून ठेवतात. त्या उलगडायचं काम प्रोसेसरचं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर तो हिशोब कधीकधी चुकवत होते. चुकीचं सामान पुढे जायचं आणि बोल मात्र ग्राफिक्स कार्डाला लागायचा!

प्रोसेसर का चुकत होते? त्यांच्या आतल्याच सूचनांमुळे ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. शेगडीची आच सतत जास्त राहिली की भांडं हळूहळू खराब होतं ना, तसंच. इंटेलनं जुलै २०२४ मध्ये हे जाहीर केलं, ऑगस्टमध्ये त्या सूचना दुरुस्त करून दिल्या आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेली चिप मात्र त्या दुरुस्तीनं बरी होत नाही. ती बदलावीच लागते.

म्हणून लक्षात ठेव. पडद्यावरचा संदेश म्हणजे फक्त एक साक्षीदार. त्याचं ऐकायचं, पण बाकीचे पुरावेही बघायचे!

आणि हे कोडं सुटायला कुणाची मदत झाली, सांगू? ज्यांचे गेम पडत होते, त्या खेळाडूंची! कुठला प्रोसेसर, कुठला गेम, काय संदेश, हे त्यांनी नोंदवून कळवलं. अशा कितीतरी नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, अरे, सगळ्यांकडे प्रोसेसर त्याच दोन पिढ्यांचा आहे!

गेम पडल्यावर कधीकधी एक छोटी खिडकी उघडते, ‘सेंड रिपोर्ट’ म्हणणारी. आपण वैतागून ती बंद करतो. यापुढे तसं करू नकोस! आईबाबांना विचार आणि ते बटण दाब. लिहायला जागा असेल, तर वहीतल्या दोन ओळी उतरव. कुठली पातळी होती, काय चाललं होतं, कसा पडला. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल! गेम बनवणाऱ्यांना तेवढंच हवं असतं.

तुझ्या त्या दोन ओळींमुळे चूक सापडेल, गेमची नवी आवृत्ती येईल आणि नागपूरच्या, नाशिकच्या, नाहीतर थेट जपानच्या कुठल्यातरी मुलाचा शेवटचा फटका राक्षसाला बरोबर लागेल!